फळ्याची उजवी बाजू

आमच्या शेजारचे सेतुमाधवराव, म्हणजे सगळ्या गल्लीचे मामा, साधं बोलायचं झालं तरी आधी घटनेचं कलम सांगतात. "एकोणीस एक अ प्रमाणे बोलतों, पोरी, तुझं सांबार आज आळणी आहे." मी लग्न होऊन साताऱ्याहून तंजावरात आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा पाढे म्हणतोय. मग कळलं, ते भाषणस्वातंत्र्याचं कलम. त्याच्या पाठोपाठ एकोणीस दोन, म्हणजे वाजवी निर्बंध. ते निर्बंध मामा माझ्या मिक्सरला लावतात.

मामा कोर्टात शिरस्तेदार होते. पापनाशम, ओरत्तनाडू, शेवटी तंजावर. घराणं तंजावरच्या मराठा राजांच्या काळात इकडे आलेलं, त्यामुळे त्यांची मराठी जुनी आणि बोलण्याची चाल तमिळ. "छत्तीस वर्षें मी दुसऱ्यांचं लिहिलों. साक्षीदाराचं लिहिलों, वकिलाचं लिहिलों, जजाचं लिहिलों. माझं एक वाक्य त्या कागदांत नाही. सरकारी नोकर, तोंड उघडायचं नाही!" निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी कुठल्याशा शाळेतला जुना फळा आणला आणि घरापुढच्या ओट्यावर मांडला. इथे ओट्याला तिण्णै म्हणतात.

फळ्याच्या मधोमध पांढरी रेघ. डावीकडे रोज सकाळी आंघोळ उरकून मामा तमिळमध्ये गल्लीचं गाऱ्हाणं लिहिणार. उजवी बाजू कोरी, तिथे दोरीला खडू बांधलेला. ज्याला पटत नसेल त्याने उत्तर लिहावं. लिहिलेलं दुसऱ्या सकाळपर्यंत कोणी पुसायचं नाही, खुद्द मामांनीही नाही. एकदा कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याने लिहिलं, "तुमचं वाचत लोक उभे राहतात, माझी कॉफी निवते." नेमकी तिरपी सर आली. ते वाक्य भिजू नये म्हणून मामा तासभर छत्री धरून उभे! डावीकडचं त्यांचं स्वतःचं वाक्य वाहून गेलं. मी ओरडले, तर म्हणतात, "दुसरी बाजू ऐकल्याबिगर निकाल नाही की!"

मी तमिळ वाचायला शिकले ती याच फळ्यावर. म्हणून माझं तमिळ बेताचं असलं तरी गटार, दिवाबत्ती आणि भटकी कुत्री हे शब्द पक्के आहेत.

गेल्या वर्षी देवीच्या उत्सवात गल्लीच्या संघाने कमान उभारली आणि बांबू रोवले ते थेट गटारात. झालं, पाणी रस्त्यावर. मामांनी लिहिलं, "कमान देवीसाठी. डबकं कोणासाठी?" संघाचा सेक्रेटरी सेल्वराज असा भडकला म्हणता! गल्लीची बदनामी होतेय, फळा काढा, नाही तर रविवारी संध्याकाळी आम्ही उचलून नेऊ.

"उत्तर लिही," मामा म्हणाले. "खडू तिथे आहे."

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य. तिसऱ्या दिवशीही तेच, फक्त अक्षर मोठं. मी हात जोडले. "मामा, चार दिवस गप्प बसा ना! कशाला विस्तवाशी खेळ?"

"छत्तीस वर्षें बसलों की," ते म्हणाले आणि खडूला टोक काढत बसले.

रविवारी सकाळी बघते तर उजवीकडे सेल्वराजचं उत्तर: "याच्या घरात ऐकायला कोणी नाही, म्हणून हा गल्लीला ऐकवतो."

मामांच्या पत्नी अंबूमामी मी इथे येण्याआधीच गेल्या होत्या, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. मामा आत पूजेला बसले होते. मी पदराचं टोक ओलं केलं आणि ते वाक्य खसाखसा पुसून टाकलं. वळते तर दारात मामा.

"काय म्हणून काढलीस?"

"अहो, किती घाणेरडं लिहिलं होतं!"

"मी वाचलों. खोटं होतं?"

मी ओला पदर मुठीत दडवला.

"तो संध्याकाळी अख्खा फळा नेणार. तू सकाळीच अर्धा नेलीस."

मामा माझ्यावर असे कधी चिडले नव्हते. मला रडूच फुटलं. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. खडू घेतला आणि सेल्वराजचं वाक्य अक्षर न् अक्षर पुन्हा लिहून काढलं, आपल्या वळणदार कोर्टाच्या अक्षरात. खाली लिहिलं, "खरी नक्कल", आणि सही ठोकली. एक काना इकडचा तिकडे नाही.

मग ते तिण्णैवर टेकले. "ही मधली रेघ कोण आखली, ठाऊक आहे? अंबू. म्हणाली, कोर्टात गप्प आणि आता इथे एकटेच बोलणार? अर्धा फळा माझा. दारात कोलम, तुमची ती रांगोळी, घालून झालं की त्याच पिठाच्या हातानं लिहायची. 'खोटं.' 'पुरे करा.' 'आधी बाजारात जा.'" मामा हसले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "ती गेली, ती बाजू कोरीच राहायला लागली. मला बघवेना. म्हणून खडू बांधलों."

संध्याकाळी सेल्वराज दोन दांडग्यांना घेऊन आला. फळ्याला हात घालणार, तोच त्याला आपलं वाक्य परक्या अक्षरात दिसलं.

"हे कोणी लिहिलं?"

"तू," मामा म्हणाले. "कोणीतरी पुसलं होतं, मी परत जागेवर ठेवलों."

मी खाली मान घालून उभी. सेल्वराजने ते वाक्य दोनदा वाचलं, खालची सही वाचली, आणि त्याचा चेहराच उतरला. दांडग्यांना त्याने हातानेच जा म्हटलं. खडू उचलून अगदी कोपऱ्यात लिहिलं, "बांबू मंगळवारी काढतो." मग हळूच विचारलं, "सार, ते वरचं पुसू का?"

"उद्या सकाळी," मामा म्हणाले. "नियम आहे."

मंगळवारी बांबू निघाले. फळा जागच्या जागी आहे. सेल्वराजही अधूनमधून भांडायला येतो, पण त्याला संघाचे व्याप फार, रोज कुठून जमणार? म्हणून आता सकाळी दारात कोलम घातलं की मीच तिण्णैवर चढते आणि डावीकडचं वाचते. पुष्कळदा म्हातारा अगदी बरोबर असतो. तरी मी पिठाच्या हाताने उजवीकडे लिहिते, "खोटं. आधी बाजारात जा."

मामा चष्मा लावून ते वाचतात, पिशवी घेतात आणि बाजारात जातात.