फिरतं न्यायालय बिळाशी येतं

एका जंगलात, मुलांनो, कायदा होता. चांगला जाडजूड होता. पण तो राजधानीत राहायचा आणि राजधानी होती चार डोंगर पलीकडे.

मग बर्फाच्या देशातून काही पेंग्विन आले. त्यांना आपल्या जंगलाची फारच काळजी वाटली. त्यांच्या मदतीने फिरतं न्यायालय सुरू झालं. ते तक्रारदाराच्या घरी जाऊन निकाल देणार होतं.

हे ऐकून गोदाक्का नावाच्या साळिंदरीला रडूच फुटलं. आनंदाचं हो. महिन्यापूर्वी एका तरसाने तिला बिळातून हुसकून लावलं होतं. तेव्हापासून ती दोन पिल्लांना घेऊन करवंदीच्या जाळीत राहत होती. वर घारी घिरट्या घालत आणि तिचा डोळ्याला डोळा लागत नसे.

ती अर्ज द्यायला गेली. कारकून होतं एक कासव.

"पत्ता?"

"सध्या करवंदीच्या जाळीत आहे, दादा."

"जाळी पत्त्यात धरत नाहीत. कायमचा सांगा, बाई."

गोदाक्काने बिळाचा पत्ता सांगितला. बिचारीला खरं बोलायची खोड होती.

तारखेची नोटीस अर्थातच बिळात गेली. तरसाने ती सही करून घेतली. त्याला कायद्याबद्दल आदर होता.

ठरल्या दिवशी न्यायाधीश गवेसाहेब लवाजमा घेऊन बिळापाशी आले. मागे पेंग्विन फोटो काढत होते. जाळीतून गोदाक्काने हे पाहिलं आणि पिल्लांना घेऊन ती धावत सुटली. ती पोचली तेव्हा तरस सर्वांना सरबत देत होता.

"या पत्त्यावर काही तक्रार?" गवेसाहेबांनी विचारलं.

"छे, छे. मी इथे अगदी सुखात आहे," तरस म्हणाला.

"साहेब, तक्रार माझी आहे," गोदाक्का धापा टाकत म्हणाली. "हे बीळ माझं आहे."

गवेसाहेबांनी अर्ज पाहिला. "अर्जदार बिळात राहते असं इथे लिहिलंय. तुम्ही तर जाळीतून आलात."

"तेच तर माझं गाऱ्हाणं आहे, साहेब."

गवेसाहेबांना तिची खरंच दया आली. "मग नवा अर्ज करा, बाई," ते मायेने म्हणाले. "आम्ही पुन्हा इथेच येऊ."

प्रकरण पाव तासात निकाली निघालं. पेंग्विनांनी टाळ्या वाजवल्या. गोदाक्का पिल्लांना पोटाशी घेऊन पुन्हा जाळीकडे निघाली.

तात्पर्य : न्याय दारापर्यंत नक्की येतो. म्हणून शहाण्याने आधी कुणाचं तरी दार बळकावून ठेवावं.