ल्यूबेकला एक रात्र, खिडकीसह

आल्टेनब्रुकच्या नोंदणीकृत मिश्र गायनमंडळाने ल्यूबेक शहरी एक रात्र मुक्काम करावा, असा ठराव ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी एकमताने मंजूर झाला. सभासद तेवीस. मी चिटणीस, म्हणून इतिवृत्त माझ्या हातचं.

ठराव मांडला आल्मुट ल्यूडर्सबाईंनी. वय चौऱ्याऐंशी. नाताळाआधीच्या एका शनिवारी ल्यूबेकच्या मोठ्या चर्चमध्ये प्रवचन बोलत नाहीत, गातात. बाईंचे यजमान तिथे तीस वर्षं खर्जात गायले.

"उजवा कान गेलाय," बाई म्हणाल्या. "डावा वर्षभर टिकेल म्हणतात डॉक्टर. तेवढ्यात एकदा ते कानावर पडू दे, म्हणजे मिळवली."

सगळ्यांचे डोळे पाणावले. तशी नोंद आहे.

"जायचं तर नीट जायचं," अध्यक्ष ब्रोकमानसाहेब म्हणाले. ते निवृत्त भूमापक. "पहिला प्रश्न. हॉटेलात रात्री खिडकी उघडी की बंद?"

"उघडी!" गेशे टीडेमानबाई कडाडल्या. "बंद खोलीत झोपायला मी काय बरणीतलं लोणचं आहे?"

"आणि मी काय दोरीवरचं धुणं आहे, वाऱ्यावर वाळत पडायला?" मागच्या रांगेतून कोणीतरी उसळलं.

मंडळ दुभंगलं. खिडकी उपसमिती नेमली गेली. उपसमितीला गुरुवारच मोकळा होता आणि गुरुवारी तालीम असे. म्हणून तालीम तात्पुरती स्थगित झाली.

उपसमितीने सुचवलं, की खिडकी जागेवर जाऊन पाहावी. पण आमच्या घटनेचं कलम नऊ स्पष्ट आहे: पूर्वपाहणीशिवाय मंडळाचा कोणीही परगावी झोपणार नाही. पाहणीला जाणारे तिथे झोपणार, म्हणजे त्यांच्याआधी कोणीतरी पाहणी करायला हवी. आणि त्यांच्याही आधी कोणीतरी. या घोळात नाताळ आला आणि गेला.

वसंतात ब्रोकमानसाहेबांना तोड सुचली. पाहणी करणाऱ्यांनी झोपायचंच नाही! तिघे जण ल्यूबेकला गेले आणि हॉटेलच्या खोलीत सकाळपर्यंत खुर्च्यांवर ताठ बसून आले. अहवाल चौदा पानी होता. निष्कर्ष: खुर्च्या उत्तम आहेत, पलंगांविषयी मत देता येत नाही.

ल्यूडर्सबाई दर गुरुवारी आलुबुखारचा केक घेऊन येत. डाव्या कानामागे हात धरून विचारत, "मग, यंदा नक्की ना?"

"पूर्वतयारी चालू आहे, बाई!" आम्ही ओरडून सांगत असू. कीर्तनात पूर्वरंग लांबला तर श्रोते निदान पेंगतात तरी. आमचे सभासद उलट तरतरीत होत चालले होते.

दुसऱ्या डिसेंबरात आराखडा तयार झाला. एक्केचाळीस पानं. आगमन दुपारी तीन सत्तेचाळीस. सकाळचं अंडं किती मिनिटं उकडायचं, हे सभासदवार. खिडकीची जागा तेवढी रिकामी, तडजोड व्हायची होती. टाळ्या झाल्या.

"गाणं किती वाजता?" ल्यूडर्सबाईंनी विचारलं.

पानं उलटली गेली. पुन्हा उलटली गेली. गाण्याच्या वेळी आराखड्यात 'खोलीत स्थिरस्थावर होणे' होतं. गाणं कुठेच नव्हतं.

"दुरुस्तीची सूचना चौदा दिवस आधी लेखी द्यावी लागते," ब्रोकमानसाहेब हळहळले.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "मी गेल्या शनिवारीच जाऊन आले."

ब्रोकमानसाहेबांनी आराखडा मिटला.

"कोणाबरोबर?"

"गाडीत बसले, गेले. एक खोली घेतली, झोपले."

"आणि खिडकी?" गेशेबाईंचा आवाज चिरकला. "उघडी होती का बंद?"

"खिडकी? होती की नाही, ते बघितलंच नाही बाई मी."

"पाहणीशिवाय मुक्काम! कलम नऊ!" ब्रोकमानसाहेब उठून उभे राहिले. "हा मुक्काम झालाच नाही, असं समजण्यात येईल."

"समजा," बाई हसून म्हणाल्या. "डाव्या कानानं ऐकलं. खर्ज अगदी आमच्या ह्यांच्यासारखा. ऐकता?" आणि त्या गाऊ लागल्या. आवाज कापत होता, सूर नाही.

"गायन आजच्या विषयपत्रिकेवर नाही," अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी टोपी घातली, केक टेबलावर ठेवला आणि गातगातच बाहेर पडल्या. हवेसाठी सभागृहाची खिडकी किलकिली होती. तिच्यातून तो खर्ज बराच वेळ आत येत राहिला. कोणाला अंड्याच्या पानावर लक्ष लावता येईना.

"खिडकी बंद करावी," ठराव आला. आणला गेशेबाईंनी. चौदा महिन्यांत खिडकीवर प्रथमच एकमत झालं. सगळे हात वर गेले, माझाही.

मी हात मोजले. तेवीस भरले. बाई गेल्यावर आम्ही उरलो होतो बावीस. पुन्हा मोजले, तरी तेवीसच. मग लक्षात आलं, तेविसावा हात तुमचा, वाचकहो. उघडी बरी की बंद, यावर इथवर येता येता तुम्हीही मनात मत बनवलं होतंत. बाईंनी काय गायलं, हे मात्र विचारलं नाहीत.

हात खाली घ्या आता. नोंद झाली आहे.