होडी काठाला लागेपर्यंत

"मी विचारलं होतं," इल्पो म्हणाला आणि त्याने तरुणपणच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. "तुला झोप लागली, त्याला मी काय करू?"

"हो, हो," राइया बायको झाली तेव्हापासून हे ऐकत होती. "आणि माझी लोण्याची सुरी कशाला घेतलीस?"

"प्रोसेसर उपटायला. लाकडी आहे, बरी पडते."

आज एकोणतीस फेब्रुवारी. या दिवशी बाईने लग्नाचं विचारावं आणि पुरुषाने नकार दिला तर तिला स्कर्टचं कापड घेऊन द्यावं, अशी फिनलंडची रीत. अशाच एका एकोणतीस फेब्रुवारीला राइयानेच इल्पोला विचारलं होतं. त्यावर ती चारचौघांत ऐकवायची, "हा बसला असता मूग गिळून! मलाच विचारावं लागलं." लोक हसत, तीही हसे. पण आपल्याला कुणी विचारलंच नाही, ही रुखरुख तिला होती आणि ती तिने कुणाला कळू दिली नव्हती.

इल्पो म्हणे, त्याने आधीच विचारलं होतं. तोंडाने नव्हे, तेवढं धाडस कुठलं! त्याने प्रोग्राम लिहिला होता: सरोवरातून होडी येते, काठाला लागते आणि प्रश्न उमटतो. पण प्रोसेसर बिचारा एकेक लाट हिशेबाने काढायचा. होडी बोटभर सरके तोवर कॉफी गार होई. त्या पहिल्या वेळीच राइयाला डुलकी लागली होती आणि पुढे जेव्हा जेव्हा त्याने ती होडी लावली, तेव्हाही लागली.

नवा, वेगवान प्रोसेसर बसला. इल्पोने बटण दाबलं. राइया पुलाचा, म्हणजे वेलचीच्या पावाचा, तुकडा उचलायला वाकली आणि वर बघते तो होडी नाही, लाटा नाहीत. पडद्यावर एकच ओळ होती: 'बरं, हरकत नाही. कॉफी घेऊ या.'

"हे विचारणार होतास? कॉफी?"

"अगं नाही!" इल्पो कानापर्यंत लाल झाला. "तू गप्पच राहिलीस तर म्हणून लिहिलं होतं ते. तुझ्या उत्तराची वाट बघत मशीनने हजार आकडे मोजायचे होते, या नव्या गाढवाने झटक्यात मोजले!"

"आता हेसुद्धा सांगेन मी लोकांना."

इल्पोने मुकाट्याने पुन्हा सुरी उचलली आणि जुना प्रोसेसर जागेवर बसवला.

दोघं शेजारी शेजारी बसली. बाहेर सरोवर गोठलेलं, बर्फावर दुपारचं निळसर ऊन; पाणी होतं ते फक्त पडद्यावर. एक लाट, मग दुसरी. होडी निघाली की नाही तेही कळू नये इतकी हळू. राइयाने स्वतःला चिमटे काढले. खांद्यावर काहीतरी जड आलं. दमलेला इल्पो घोरत होता.

कॉफी केव्हाच गार झाली. होडी काठाला लागली.

'राइया, माझ्याशी लग्न करशील?'

तिला एकदम भरून आलं. तिने हळूच 'हो'चं बटण दाबलं. मशीन बराच वेळ विचारात पडलं आणि मग त्याने लिहिलं, 'नक्की?'

"बावळट," ती पुटपुटली. पुन्हा 'हो' दाबून तिने कॉम्प्युटर बंद केला.

इल्पो दचकून जागा झाला. "आली का? विचारलं का मी?"

"छे! बंद पडलं मधेच," राइया डोळे पुसत म्हणाली. "उद्या परत लाव."