नामदेवराव पुलावर

आमचे शेजारी नामदेवराव 'कसे आहात' असं कधी विचारत नाहीत. फाटकातून आत येता येता आपल्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघतात आणि आकडा सांगतात. "एकोणऐंशी. दिवाळीत शहात्तर होते, सर." अकोल्याच्या धान्यबाजारात ट्रकच्या वजनकाट्यावर त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर ट्रक गेले, तेव्हापासून आम्ही आहोत. माझ्या भाचीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाचं वजन स्टेजवर, चालू माईकजवळ उभं राहून सांगितलं. आकडा बरोबर निघाला, हा आणखी मनस्ताप.

दुसरी भानगड उंचीची. नामदेवराव स्टुलावरसुद्धा चढत नाहीत. त्यांचा बल्ब मी बदलतो, गच्चीवरची टाकी मी धुतो. ते खाली उभे राहून ओरडतात, "सांभाळून बाप्पा, एकोणऐंशी किलो हाय तुमी!"

असा माणूस एका रविवारी सकाळी डबा घेऊन माझ्या दारात उभा.

"चाला सर. मेळघाटात झुलता पूल हाय म्हणते. मले तो पार करा लागते."

"काहून?"

"करा लागते."

अकोट मागे पडेपर्यंत मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, "तुमी समोर पाहा." गाडी माझी, रविवार माझा, आणि मीच समोर पाहायचं.

पूल दिसला मात्र, नामदेवरावांनी पहिल्या खांबाला मिठी मारली. खाली खोल नाला आणि वर लोखंडी दोरांवर लटकलेल्या फळ्या. शेजारी पाटी होती, एका वेळी फक्त दहा जण. झालं, त्यांना काम मिळालं.

"दहा जण म्हंजे कोणते?" त्यांनी पुलावरच्या गार्डला धरलं. "दहा पोट्टे का दहा पैलवान? वजन लिहा नं बाप्पा!"

गार्डनं नुसतं पाटीकडे बोट दाखवलं, तेव्हा नामदेवरावांनी स्वतःच कारभार हातात घेतला. "पंचावन्न, जा. अठ्ठेचाळीस, जा. बाई, तुमी थांबा, तुमचे मालक आधी उतरू द्या." त्या बाई परतवाड्याच्या होत्या. त्यांनी जे सुनावलं ते इथे लिहिता येत नाही. दोन तास हे चाललं. सहलीला आलेल्या अख्ख्या बसमधली माणसं पार झाली, परत आली, जेवायला बसली, आणि आमचे हे अजून खांबापाशीच.

शेवटी माझं टाळकं सटकलं. "नामदेवभाऊ, जमत नसन त घरी चाला. काहून लोकायचं डोकं खाऊन राहिले?"

ते खांब न सोडता म्हणाले, "पोरगी पुण्यात अकराव्या माळ्यावर राह्यते, सर. लग्नाले तीन वर्षं झाले, मी एकदाही वर गेलो नाही. खाली वॉचमनजवळ बसतो, पोरगी ताट घेऊन खाली येते. आता तिले सातवा महिना हाय. बाळंतपणाले पोरगी मायेरी येते. पण इथी तिची माय कुठी हाय आता? मंग मायेरालेच तिच्या घरी जा लागते."

सकाळपासून रविवारचं रडगाणं गात होतो, त्याची मला लाज वाटली. मी हात पुढे केला.

"दोघं मिळून एकशे बेचाळीस," ते पुटपुटले आणि डोळे मिटून निघाले.

मध्यावर पूल डुलला. माझ्या मनगटात नखं रुतली.

"किती झालं?"

"अर्धं."

"म्हंजे मांगं फिरलो तरी तेवढंच." ते पुढे सरकले.

पलीकडे पोचल्यावर ते मातीतच बसले. दोन घोट पाणी प्यायले आणि उठले. "चाला, आता पुन्हा. एकदानं काय होते? तिथी भाजी आणाले रोज उतरा लागन, रोज चढा लागन."

आम्ही सहा फेऱ्या मारल्या. गार्ड वैतागला, माझे गुडघे बोलायला लागले. चौथ्या फेरीत त्यांनी डोळे उघडले. सहाव्या फेरीत माझा हात सोडला आणि दोर धरून एकटेच पुढे गेले, मागे वळूनही न बघता.

सकाळपासून मला या माणसापासून सुटका हवी होती. आता मी पुलाच्या मध्यावर मनगट चोळत उभा होतो. नामदेवराव खरंच पुण्याला जाणार होते, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.