नडगीवरचा अंगठा

मीनू, राजू, परवा फोनवर मीनू म्हणाली, मूत्रपिंड बिघडलं की शरीरातल्या चरबीचं आणि ग्लिसरीनचं काय होतं यावर तिचं संशोधन चाललंय. मला हसू आलं. हा उद्योग आपल्याकडे पूर्वी एकाने केला आहे, आणि त्याला पाहिलेली आता मी एकटीच उरले. म्हणून लिहिते.

इंग्रजी अमलात बुऱ्हाणपुरात, शनवारा पेठेत माझे मामा राहत; मी आणि आई त्यांच्याकडेच असू. शाळेत रसायन शिकवत. दारात आलेल्या माणसाला खुर्चीत बसवून, धोतर वर घ्यायला लावून ते त्याच्या नडगीवर अंगठा रुतवत. अंगावर सूज नसली की खळगा लगेच भरून येई. मग म्हणत, "भरला. चहा घ्या." पोस्टमन, दूधवाला, शाळा तपासायला आलेले साहेब, कोणी सुटलं नाही.

सुटल्या फक्त मामी. खरं तर मूत्रपिंडाचा आजार त्यांनाच होता. पण नवऱ्याने पायाला हात लावला तर आपल्याला पाप लागेल, म्हणून त्या पाय लुगड्याखाली ओढून घेत.

डॉक्टरांनी त्यांचं रक्त नळीत ठेवलं, तर वर दुधासारखी साय धरली. मामांना ध्यासच लागला. ही चरबी येते कुठून? मामींचं तूप बंद झालं, रवा-तुपाचा गोड दराबा बंद झाला, साय तशीच. मग मामा अंगणात साबण शिजवू लागले. चरबी फोडली की ग्लिसरीन सुटतं, तर मामींच्या शरीरात ते अडतं कुठे? काढलेलं ग्लिसरीन बोटाने चाखून म्हणायचे, "गोड आहे. वाट बरोबर आहे."

"माझा दराबा बंद," मामी म्हणायच्या, "अन् हे साबण चाटतात."

मला पाहायला धूलकोटहून तुमचे पणजोबा आले. मामांनी त्यांचंही धोतर वर घ्यायला लावलं. माझ्या आईने कपाळाला हात लावला. पणजोबांनी मात्र शांतपणे विचारलं, "दुसराही बघता का?"

पाहुणे गेल्यावर मी भांडायला आतल्या खोलीकडे निघाले, आणि दारातच थांबले. मामी खाटेवर होत्या, मामा खाली जमिनीवर.

"आज पाहुण्यांनीसुद्धा पाय दिला," मामा म्हणत होते. "आता ही या घराची रीतच झाली. तुला एकटीला कसलं पाप? दे."

मामींनी पाय पुढे केला. मामांनी अंगठा दाबला, उचलला. खळगा तसाच राहिला. मला दारातून दिसत होता.

"भरला," मामा म्हणाले. "थोडा दराबा आणू?"

मामी त्याच हिवाळ्यात गेल्या. पुढे मामांनी कोणाच्या नडगीला हात लावला नाही. त्यांचा नळ्या ठेवायचा लाकडी स्टँड माझ्याकडे आहे. त्यात मी उदबत्त्या ठेवते.