समुद्राचा पेपर

करुणा दहावीला होती आणि कॉलेजलाही होती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे गावात कुणाला पटवून देता येत नव्हतं. दिवसा ती गावच्या हायस्कूलमध्ये बसायची. संध्याकाळी शिरूरच्या नेट कॅफेत, हिरव्या पडद्याआडच्या कॉम्प्युटरवर, अमेरिकेतल्या एका कॉलेजचा समुद्रशास्त्राचा कोर्स करायची. कोर्स फुकट होता आणि वय कुणी विचारलं नव्हतं. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. पण परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकलं, की बाहेरची ज्वारी भरतीसारखी तिच्या अंगावर चालून यायची. घोड नदीच्या पुलावर ती पाय वर घ्यायची, भिजू नयेत म्हणून.

तिचा बाप बन्सी रांजणगावच्या कारखान्यात कामाला. एकदा कंपनीच्या बसमध्ये त्याच्या तोंडून निघून गेलं, "आमची पोरगी अमेरिकेच्या कालेजात हाय." यात खोटं काहीच नव्हतं. पण बस गावात पोचेपर्यंत पोरगी विमानात बसली होती.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. निवडणुकीशिवाय बौद्धवस्तीत पाय न टाकणाऱ्या सरपंच हौसरावांनी तो लावला होता. त्यावर हौसरावांचं तोंड गाडीच्या चाकाएवढं आणि करुणाचं आठ आण्याएवढं. खाली मजकूर, 'अमेरिकेस निघालेल्या आपल्या गावच्या कन्येस शुभेच्छा.' कालपर्यंत ती वस्तीची पोरगी होती, फ्लेक्सपुरती गावची झाली.

बन्सी धावत सरपंचांकडं गेला. "सरपंच, ती कुठं जात न्हाई. कालेज हितंच येतं. कॉम्प्युटरमधी."

"आरं, तुमच्या वस्तीत अजून नळ येत न्हाई, आन् कालेज येतंय व्हय?" हौसराव पोट हलेस्तोवर हसले. नळ का येत नाही हे ज्याला पक्कं ठाऊक, तोच माणूस हे बोलत होता. "तालुक्याची माणसं बोलावल्यात मी. आता न्हाई गेली तर नाक कुणाचं कापलं जाईल?"

नाक सरपंचांचं असल्यामुळे करुणाला जावंच लागलं. मांडव पडला, शाल आली, नारळ आला. हेडमास्तर शंकररावांनी तिच्या हातात एक बंद पाकीट दिलं. भाषणं चालू होती तेव्हा करुणा मांडवातल्या डोक्यांकडं बघत होती. टोप्या आणि पदर लाटांसारखे वरखाली होत होते. मधेच टाळ्या झाल्या, तेव्हा तिला वाटलं, लाट खडकावर फुटली.

बन्सीच्या दोस्ताची जीप गावादेखत तिला विमानतळाकडं घेऊन निघाली आणि दौंडला मावशीच्या दारात थांबली. तिथं पाकीट उघडलं. आत शाळा सोडल्याचा दाखला होता. कारण, परदेशी उच्च शिक्षण. बोर्डाचा फॉर्म भरायचा अजून बाकी होता, आणि पोरीचं नावच पटावरून गेलं होतं.

बन्सीनं शाळेत जाऊन शंकररावांना सगळं खरं सांगितलं. "तवा सर, नाव परत घाला. दहावीचं वर्ष हाय."

"अहो, दाखला दिलाय, तोही स्टेजवर. आता परत घ्यायचं तर तिथला निकाल लागेल."

"लागू द्या की. कोर्सची परीक्षा हायच. पास हुईल पोरगी."

"पास झाली तर घोटाळाच. कॉलेज पास झालेली मुलगी दहावीत कशी बसवू? तसा नियमच नाही." शंकररावांनी चष्मा पुसला. "नापास झाली तर बघता येईल. नापासाला खालच्या वर्गात बसवता येतं."

"म्हंजी माझ्या पोरीनं मुद्दाम नापास व्हायचं?"

"मी असं कुठं म्हणालो? मी नियम सांगितला."

नियम सांगणारा माणूस आपल्याकडं कधीच काही म्हणत नसतो.

परीक्षा दौंडच्या नेट कॅफेत झाली. बन्सी खुर्चीमागं उभा राहिला. "समदं चुकीचं दे, बाय."

"व्हय, आप्पा."

पहिलाच प्रश्न भरतीचा आला. तिनं चुकीच्या उत्तराकडं बाण नेला, आणि तिच्या डोळ्यांपुढचा सगळा समुद्र मागं सरला. नुसती ओली वाळू राहिली. तिनं बाण बरोबर उत्तरावर आणला. पाणी परत आलं. मग तिला थांबताच येईना. प्रवाह, खारेपणा, तळाचा अंधार, त्या अंधारात स्वतःच्याच उजेडात पोहणारे मासे. बाहेर जंक्शनवर मालगाडीनं शिट्टी दिली. तिला ते जहाज वाटलं.

"चुकीचं दिलंस न्हवं?"

"न्हाई जमलं, आप्पा. समदं बरोबर दिलंय."

बन्सी शेजारचं स्टूल ओढून बसला.

उत्तरं पाठवायचं बटण तेवढं राहिलं होतं. करुणानं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. आपली सगळी उत्तरं ती सावकाश परत वाचत गेली, किनाऱ्यावर बसून लाटा बघाव्यात तशी. कोपऱ्यातल्या घड्याळात परीक्षेची वेळ संपली. पडदा कोरा झाला, आणि त्यावर शून्य उमटलं.

अमेरिकेत नापास होऊन पोरगी परत आली, ही बातमी गावात वाऱ्यासारखी पसरली आणि काय माया उसळली म्हणता. कधी उंबरा न ओलांडलेल्या बाया घरात येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. खुद्द हौसराव, निवडणूक नसताना, वस्तीत आले. "वाईट वाटून घिऊ नगं, पोरी. झेपंल तेवढंच करावं मानसानं," म्हणाले. फ्लेक्सच्या दिवशी त्यांच्या हसण्यात एक कुसळ होतं, ते आता नव्हतं. वस्तीतली पोरगी पुढं गेली की गावाला फ्लेक्स लावून ती आपलीशी करावी लागते. नापास झाली की ती आपोआप आपली वाटते.

शंकररावही खूष होते. निकाल नियमात चपखल बसत होता. पटावर नाव चढवून त्यांनी शिक्का उचलला आणि जरा दया येऊन विचारलं, "पण अगदी शून्य कसं गं? एखादं तरी उत्तर येत असेल."

"समदी येत हुती, सर."

"मग?"

"दिली न्हाईत."

शंकररावांनी पुढचं काही कानावर यायच्या आत शिक्का मारून टाकला.