पहिला विडा टेलला

आमच्या बिल्डिंगमधले उत्तमराव जाधव पाहुण्याला फळ कधी नुसतं देत नाहीत. त्याला काहीतरी गुंडाळल्याशिवाय ते त्यांच्या हातून सुटतच नाही. खजूर, अननस, पेरू, सगळ्यांची गत एकच. सीताफळालाही त्यांनी एकदा गुंडाळायला घेतलं होतं, पण त्याबद्दल बिल्डिंगमध्ये कुणी बोलत नाही.

गुंडाळायचं ते बेकन. म्हणजे डुकराच्या मांसाची खारवलेली, पातळ पट्टी. खजुराची बी काढायची, आत बदाम, वरून पट्टी, तिच्यावर तीन बोटांत मावेल एवढं मीठ आणि गुळाच्या पाकाचा हात. "फळ गोड, मंग मीठ नको व्हय?" असं ते म्हणतात. आणि सुटू नये म्हणून वर एक लवंग टोचायची, पानाच्या विड्याला टोचतात तशी. म्हणून या पदार्थाला ते विडाच म्हणतात. वाढदिवस असो, बारसं असो, की लिफ्ट दुरुस्त झाल्याचा आनंद असो, विडे होतातच.

आता गंमत ऐका. हर्सूलकडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये बारा घरं, आणि बेकन खातो असं कबूल करणारं एकही नाही. आम्ही चातुर्मासात कांद्यालाही सुट्टी देणारे. दुसऱ्या मजल्यावरच्या नईमभाईंकडे तर तो विषयच निघत नाही. आणि खुद्द जाधवकाकू माळकरी, त्यांना अंडंसुद्धा चालत नाही. मी एकदा न राहवून विचारलं, "उत्तमराव, खाणारा नाही तर करता कुणासाठी?"

"मॅडम, कालवा खोदतानी शेतात पीक असतं का? आधी पाणी जातं, मंग पीक येतं."

उत्तमराव पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले, पण कालवा त्यांच्यातून रिटायर झालेला नाही. बेकनला ते कालव्याला असतं तसं अस्तर म्हणतात. अननसातून रस ठिबकला की, "गळती लागली," म्हणून कपाळाला हात लावतात. आणि वाढताना सुरुवात नेहमी शेवटच्या खुर्चीपासून. कालव्याचं शेवटचं टोक म्हणजे टेल. वरचे लोक पाणी ओढून घेतात आणि टेलवाला कोरडा राहतो, हे त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं. म्हणून "टेलला आधी" हा त्यांचा कायदा. आमचे चेअरमन पहिल्या खुर्चीवर ऐसपैस बसतात आणि दर कार्यक्रमात ताट त्यांच्याकडे शेवटी पोचतं. तीन वर्षांत त्यांच्या हे लक्षात आलेलं नाही.

एवढा विक्षिप्त माणूस, पण कुणाच्या ताटाला बोट लागू देणार नाही. आम्हा सगळ्यांसाठी बटाट्याच्या पातळ कापात गुंडाळलेले खजूर असतात. ते दुपारीच काकूंच्या स्वयंपाकघरात, काकूंच्या हातचे होतात. त्यांचं ताट वेगळं, चिमटा वेगळा, चिमट्याला लाल दोरा. बेकनची शेगडी गच्चीवर. "गच्चीच्या दारापल्याड काय बी करा, अल्याड येतानी आंघोळ," असा काकूंचा हुकूम आहे. त्यामुळे उत्तमराव टाकीच्या आडोशाला बादलीभर पाण्यानं आंघोळ करून, मगच खाली येतात. थंडीतसुद्धा. खजूर मात्र नईमभाई देतात, तेही निवडून. "खजूर मेरे तरफ से, आगे का तुम देख लेव," एवढं बोलून ते डबा टेकवतात आणि बटाट्याचे चार विडे खाऊन जातात.

मग बेकनचे खातो कोण? चोरून खाणारे तीन-चार जण आहेत, त्यांतला एक आमच्या घरातला इसम. नाव सांगत नाही, संसार करायचा आहे. कार्यक्रम रंगात आला की हे इसम "जरा टाकीची पातळी बघून येतो" म्हणून आडोशाला जातात. घरी आले की तांब्यावर तांब्या पाणी पितात. मी विचारलं तर म्हणतात, उकडतंय. जानेवारीत.

स्वतः उत्तमराव विडा कधीच खात नाहीत. कुणी आग्रह केला की, "मला पित्त हाय," म्हणतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे एकटक बघत उभे राहतात. अशा वेळी "मस्त" याखेरीज काही बोलायची कुणाची छाती होत नाही.

ते पित्त खोटं आहे, हे मला काकूंनी सांगितलं. एका दुपारी त्या लवंगा निवडत होत्या, मी मदतीला बसले होते.

त्यांना एकच मुलगा, संदीप. त्यानं हॉटेलचं शिक्षण घेतलं ते उत्तमरावांना पसंत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी जाधव मंडळी पैठणला सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते. खात्यातले साहेब जेवायला येणार होते, आणि सुट्टीवर आलेल्या संदीपनं हौसेनं ताटभर खजूर बेकनमध्ये गुंडाळून भाजले. साहेब हसून म्हणाले, "काय जाधव, पोराला आचारी केलं का?" उत्तमरावांनी सगळ्यांदेखत ते ताट उचललं आणि अंगणात भिरकावलं.

"पोरगं खाली बसलं," काकू म्हणाल्या. "सगळं येचून ताटात भरलं नि रातच्या गाडीनं गेलं. तवापासनं आमच्या घरचं पाणी पितं, पर अन्न खात नाय."

संदीप आता गोव्याला एका हॉटेलात शेफ आहे. वर्षातून एकदा येतो, दोघांच्या पाया पडतो, तासभर बसतो, आणि क्रांती चौकात कुठंतरी जेवून परत जातो. काकू दर वेळी पुरणाचा स्वयंपाक करतात आणि दर वेळी तो शेजारीपाजारी वाटतात. मी ती पोळी कितीदा तरी खाल्ली आहे. त्या दिवसानंतर मला ती गोड लागली नाही.

"आणि विडे?" मी विचारलं.

"रिटायर झाल्यावर लागलं ते याड. अंगणात पडलेलं बघितलं हुतं ना, तेवढ्यावरनं करत्यात. पट्टीला टोचलेली काडी जळून गेलती, नुसतं भोक दिसलं, म्हणून लवंग. चव काय ठाव नाय. घेणार बी नाय. पोरगं माझ्या हातचं खाईल तवाच ह्या जिनसाला तोंड लावीन, असं देवापुढं बोललेत." काकूंनी लवंगांची वाटी बाजूला सारली. "माफी मागा म्हटलं, तर म्हणत्यात, जमत नाय."

परवा उत्तमरावांची एकसष्टी झाली. गच्चीवर खुर्च्या, माळा, सगळी बिल्डिंग. काकूंनी एकसष्ट दिव्यांनी ओवाळलं. तेवढ्यात जिन्यातून संदीप आला. उंच, वडिलांसारखंच कपाळ. पाया पडला, शाल दिली आणि कुणी काही म्हणायच्या आत म्हणाला, "मी जेवून आलोय." मग जाऊन सगळ्यात शेवटच्या, टाकीजवळच्या खुर्चीवर बसला. निघायला सोपी म्हणून असेल.

उत्तमरावांनी बेकनचं ताट उचललं. टेलला आधी, हा कायदा सगळ्यांना पाठ होता, आणि टेलला आज कोण बसलंय हे सगळ्यांना दिसत होतं. चेअरमनसुद्धा मागे वळून बघू लागले. खुर्च्यांच्या मधून उत्तमराव चालत गेले. लेकासमोर उभे राहिले आणि ताट पुढे केलं.

संदीपनं ताटाकडे पाहिलं. मग एक विडा उचलून उलटापालटा केला.

"लवंग कशाला?"

"मंग काय टोचत्यात?"

"काडी. आधी पाण्यात भिजवायची, म्हणजे जळत नाही."

"तू कवा सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

उत्तमराव ताटाकडे बघत म्हणाले, "आता इचारतो. चुकलं माझं तवा. कसं करायचं ते सांग."

संदीपनं लवंग उपसून काढली, विडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. काकूंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. त्याचा चेहरा जरा विचित्र झाला, पण त्यानं घास गिळला. "तुम्ही पण घ्या," एवढंच म्हणाला.

उत्तमरावांनी तीन वर्षांत पहिल्यांदा एक विडा तोंडात घातला. दोनदा चावले आणि थांबले. डोळे मोठे झाले.

"आरं, हे तर मिठागर हाय की."

"बेकन खारटच असतं, अण्णा. वरून मीठ घालायचं नसतं."

"तीन वर्षं..." उत्तमरावांनी सगळ्या गच्चीवर नजर फिरवली. "तीन वर्षं खाल्लं हे, तर एकानं बी सांगू नाय व्हय?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. तेवढ्यात आमच्या घरातला इसम टाकीच्या आडून म्हणाला, "मी सांगणार होतो, पण मी खात नाही ना." मग मात्र नईमभाई जे हसायला लागले ते थांबेनात, आणि त्या इसमाशी घरी बोलायचं मी मनात टिपून ठेवलं.

संदीपनं बाह्या वर केल्या आणि तो शेगडीकडे गेला. उत्तमराव त्याच्या मागे पट्ट्या घेऊन, एखाद्या नव्या मजुरासारखे. काड्या भिजल्या, मिठाचा डबा काकूंकडे जमा झाला. दुसऱ्या खेपेचे विडे बापलेकांनी तिथंच उभ्याउभ्या खाल्ले. काकू लगबगीनं खाली गेल्या. पुरण तयारच होतं, दर वेळी असतं तसं.

मी बटाट्याचं रिकामं ताट ठेवायला गेले तेव्हा उत्तमराव कठड्याला टेकून डोळे पुसत होते. धूर लागला असेल म्हणून मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले, "नऊ वर्षं लागली, मॅडम. पर टेलला पाणी पोचलं."

मग ते आंघोळीला टाकीच्या आडोशाला गेले. पोळी खायला खाली बसायचं होतं, लेकाच्या शेजारी.